जोडीतली दुसरी खुर्ची

अक्का, तुझ्या तेराव्याला माझ्यापेक्षा जास्त रडणारी एक बाई होती. हे आधी सांगून टाकते, कारण तेव्हापासून माझं डोकं फिरलेलं आहे.

मी आपली पुढच्या ओळीत पदर सावरून बसले होते. इतकी वर्षं दर रविवारी लिलावाच्या त्या हॉलमध्ये, पंख्याखालच्या तिसऱ्या रांगेत, तुझ्या शेजारी बसले. तेव्हा रडण्याचा पहिला मान माझा, असं मी धरूनच चालले होते. तर ही मागून आली, चाळिशीची असेल, तुझ्या फोटोसमोर बसली आणि हुंदके द्यायला लागली. तुझा मुलगा शंकर तिच्यासाठी पाणी घेऊन धावला. मला कोणी पाणी विचारलं नाही. मग ती माझ्याच शेजारी येऊन टेकली आणि अर्ध्या तमिळमध्ये, अर्ध्या इंग्रजीत म्हणाली, "अक्का दर गुरुवारी माझ्याकडे यायच्या. जुनं लाकूड कसं ओळखायचं ते शिकवायच्या."

गुरुवारी. अक्का, गुरुवारी तुझा गुडघ्याचा डॉक्टर असायचा ना? दोन वर्षं मला तेच सांगितलंस. तुझ्या गुडघ्यासाठी मी मेली साताऱ्याहून तेल मागवत होते.

मीनाक्षी तिचं नाव. तिने मला विचारलं, "तुम्ही वसुधा ना? अक्का तुमच्याबद्दल सांगायच्या." काय सांगायचीस, ते मी विचारलं नाही. विचारायला पाहिजे होतं. माझ्या पोटात इतकं दुखत होतं की तेराव्याचं जेवणही धड गेलं नाही.

आपली ओळखच मुळी उलट्या खुर्चीवर झाली. बँकेने माझी बदली चेन्नईला केली, हे आधीपासून इथल्या मोटारींच्या कारखान्यात होते, आणि भाड्याच्या घरात बसायला दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या. ऑफिसात कोणीतरी सांगितलं, माउंट रोडच्या मागच्या गल्लीत दर रविवारी जुन्या सामानाचा लिलाव असतो, आदल्या दिवशी जाऊन वस्तू बघता येतात. गेले. तिथे एक किडकिडीत बाई, सुती साडी, दोन्ही नाकपुड्यांत चमक्या, एका खुर्चीला उलटी करून तिच्या पोटात डोकं घालून बसली होती आणि म्हणत होती, "पाय खोटा आहे गे तुझा." खुर्चीला. आणि मराठीत.

"तुम्ही मराठी?" मी विचारलं.

तू डोकं बाहेर काढलंस. "तंजावरचे. साडेतीनशे वर्षें झालीं येऊन. तूं कधीं आलीस?"

"मागच्या महिन्यात."

"मग बस की. घाई काय आहे."

तुझं बोलणं ऐकून मला वाटलं, कोणीतरी ट्रंकेतलं जुनं पत्र मोठ्याने वाचतंय. तुला माझं मराठी फार पळणारं वाटलं. मी अहोजाहो करायला लागले तर म्हणालीस, "तुम्ही म्हणूं नको, पाव्हणी वाटतेस." नऊ वर्षांनी मोठी होतीस, तरी त्या दिवसापासून तू अक्का आणि एकेरी.

खुर्च्या बघायला तूच शिकवलंस. मीनाक्षीच्या कितीतरी वर्षं आधी मला शिकवलंस, हे इथे नोंदवून ठेवते. "खुर्चीचें तोंड सगळेच पाहतात, पोट पाहावें," म्हणायचीस. बैठक उचलून वास घ्यायचीस, सांध्यावर बोट फिरवायचीस, आणि बर्मा सागवान की इकडचं सागवान ते नुसतं एका हाताने खुर्ची उचलून सांगायचीस. मला मात्र ते उलटंपालटं करणं कधी जमलं नाही. बँकेत अधिकारी होते मी. चारचौघांत खुर्चीखाली डोकं घालून बसायचं म्हणजे माझा जीव अर्धा व्हायचा. तुझं बघून झालं की तुझ्या तोंडाकडे बघायचे आणि काय ते समजायचे.

आणि तो तुझा कागद. घरी आणलेल्या प्रत्येक खुर्चीच्या पोटाला तू डिंकाने एक चिठोरा चिकटवायचीस: कुठून आली, काय दुखणं आहे. "पुढच्या सुताराला कळावें की." लिहायचीस मराठी, पण तमिळ अक्षरांत, तुमच्या घरी सगळेच लिहितात तसं. मला तमिळ अक्षरं बसच्या पाटीपुरती येतात, तीही बस निघून गेल्यावर. म्हणून तुझ्या कागदांच्या वाटेला मी कधी गेलेच नाही.

आता आपला नियम. दोघींनी एकाच वस्तूवर बोली लावली तर तिसऱ्याचं काही जात नाही, आपणच एकमेकींना महागात पाडतो. म्हणून ठरलं, शनिवारी जिचा हात आधी लागेल, तिची खुर्ची. रविवारी दुसरीने हात मांडीवर ठेवून गप्प बसायचं. साधा नियम. पण अक्का, हात कायम तुझाच आधी लागायचा. मी दारातून आत येऊन डोळ्यांना अंधाराची सवय होईपर्यंत तू हॉलच्या त्या टोकाला, बोट टेकून उभी. चांगलं ते तुझं, आणि उरलं त्यातलं बरं ते माझं. वर तू मला समजावणार, "तुझीही छान आहे की." ते 'ही' मला फार लागायचं. जळायचे मी तुझ्यावर. तुझ्यासमोर कधी बोलले नाही, आता बोलते.

मग ती जोडी आली. किलपॉकमधल्या कुठल्याशा बंगल्यातल्या, काळ्या शिसवीच्या, हातांच्या दोन खुर्च्या. वेताची बैठक, आणि हातांची टोकं मेंढ्याच्या शिंगासारखी आत वळलेली. लिलाववाल्यांनी जोडी फोडून दोन वेगळे नंबर लावले होते. त्या शनिवारी मी तुझ्या आधी पोचले होते, हे तुला आठवत असेल. पण मी लांबून बघत राहिले, आणि तू आलीस ती सरळ गेलीस. दोन्ही उलट्या केल्यास. बराच वेळ आत डोकं घालून होतीस. मग उठलीस आणि डावीकडच्या खुर्चीवर हात ठेवलास.

"ही माझी. ती तुझी."

"फरक काय दोन्हींत?"

"कांहीं नाहीं गे. दोन्ही सारख्याच."

एका खिळ्यावर तासभर बोलणारी तू, आणि त्या दिवशी एवढंच. तेव्हाच माझ्या मनाने घेतलं की चोख ती तू उचललीस आणि खोटी माझ्या गळ्यात मारलीस.

आता ऐक. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही, यांनाही नाही.

लिलावाला स्वतः येता आलं नाही तर चिठ्ठी टाकता येते. कारकुनाकडे नाव आणि जास्तीत जास्त किती ते लिहून द्यायचं, मग तो आपल्या वतीने बोली लावतो. त्या शनिवारी तू रिक्षा बघायला बाहेर गेलीस आणि मी यांच्या नावाने चिठ्ठी टाकली. तुझ्या खुर्चीवर. रविवारी तुझ्या शेजारी, हात मांडीवर ठेवून, नियमाप्रमाणे गप्प बसले. तू बोली लावायचीस, कारकून चिठ्ठी बघून वर चढवायचा. तू वळून हॉलभर बघितलंस, कोण आहे म्हणून. मीही वळून बघितलं. अक्का, मी अगदी तुझ्यासारखी मान वळवून बघितलं.

चिठ्ठीतला आकडा संपला तेव्हा खुर्ची तुला दुपटीहून महाग पडली होती. पुढचा नंबर माझा, तो कोणी स्पर्धाच न केल्यामुळे स्वस्तात आला. कॉफी पिताना तू म्हणालीस, "माझी खुर्ची कोणाला तरी फार पाहिजे होती गे." आणि हसलीस. मी साखर ढवळत बसले. ढवळून ढवळून कॉफी गार झाली.

पुढे आपलं भांडण सुरू झालं, ते संपलंच नाही. जोडी मोडू नये, हे दोघींनाही मान्य. पण कोणाच्या घरी? दर पोंगलला, म्हणजे आमच्या संक्रांतीला, तू मैलापूरहून वेण पोंगलचा, त्या मिरी घातलेल्या मुगाच्या खिचडीचा डबा घेऊन यायचीस, माझ्या खुर्चीवर बसायचीस, हातांवरून हात फिरवायचीस आणि म्हणायचीस, "देऊन टाक की मला." मी म्हणायचे, तूच दे. एकदा मी शहाणपणा करून म्हटलं, महिनाभर अदलाबदल तरी करू. तू एकदम म्हणालीस, "नको. अदलाबदल नको." इतकं तुटक तू माझ्याशी कधी बोलली नव्हतीस. मी रात्री यांना म्हटलं, बघा, चोरी पकडली जाईल म्हणून घाबरली. हे म्हणाले, कसली चोरी, खुर्ची खुर्चीसारखी आहे. आणि माझ्या खुर्चीत पसरले. यांचं वजन तुला माहीत आहे. खुर्चीने कधी हूं की चूं केलं नाही, हे त्या वेळी माझ्या लक्षात यायला हवं होतं.

शेवटची भेटले तेव्हा तुला सांगायचंच म्हणून आले होते. चिठ्ठीचं. बसमध्ये वाक्य जुळवत आले. तू उशीला टेकून होतीस, हात काडीसारखे झालेले, आणि मला बघताच विचारलंस, "रविवारीं काय आलें?" मी सांगत बसले: एक डोलखुर्ची, दोन कपाटं, एक झुंबर. तू डोळे मिटून सगळं ऐकलंस आणि झुंबर खोटं असणार म्हणालीस. मग शंकरने औषध आणलं आणि मी उठले. जुळवलेलं वाक्य तसंच घेऊन घरी आले.

तू गेल्यावर मला वाटलं, ती खुर्ची आता माझ्याकडे येईल. खोटं कशाला बोलू, तेराव्याला मी बसले होते तेव्हा एक डोळा तुझ्या फोटोकडे आणि एक खुर्चीकडे होता. शंकर तांबरमच्या छोट्या फ्लॅटमध्ये राहतो, तो कुठे ठेवणार? पण तो मान खाली घालून म्हणाला, "अम्मा सांगून गेली, मावशी. सगळं लिलावाला पाठवायचं. फुकट मिळालेल्या खुर्चीला कोणी जपत नाही म्हणाली." मला आधी राग आला आणि मग हसू. हे अगदी तूच.

म्हणून मागच्या शनिवारी मी एकटी हॉलवर गेले. दार उघडायच्या आधी जाऊन उभी राहिले. आत तुझं सगळं घर मांडलेलं होतं, प्रत्येकावर नंबराचा कागद. मी कशाकडे बघितलं नाही. चालत गेले आणि हात ठेवला. पहिल्यांदा माझा हात आधी लागला, अक्का, आणि पलीकडे कोणी नव्हतं.

मग पाठीमागे पावलं वाजली. मीनाक्षी. तीही त्याच खुर्चीसाठी आली होती, तोंडावरूनच कळत होतं. माझा हात बघून ती थांबली आणि दोन पावलं मागे सरली.

"तुमचा हात आधी," ती म्हणाली. "मी उद्या बोली लावणार नाही. अक्कांचा नियम आहे."

अक्कांचा नियम! तो आपला दोघींचा होता. मला वाटलं होतं, तेवढं तरी तू कोणाला दिलं नसशील. आणि दिलास तर दिलास, पण ती तो पाळतही होती. मी त्या खुर्चीवर हात ठेवून उभी होते, आणि मला चिठ्ठी आठवत होती. तोंड कुठे लपवू असं झालं. तोंड लपवायला दुसरी जागा नव्हती म्हण हवं तर, मी पदर खोचला, खुर्ची उलटी केली आणि तुझ्यासारखं डोकं आत घातलं. आयुष्यात पहिल्यांदा.

तुझा कागद होता. पिवळा पडलेला, चारी कोपरे घट्ट. मी अक्षरं लावायला लागले: मा, मग क की ग, तमिळमध्ये दोन्हींना एकच अक्षर, तिथेच अडकले. मीनाक्षी शेजारी फरशीवर बसली. "मी वाचू?" तिला अक्षरं येत होती, भाषा येत नव्हती. मला भाषा येत होती, अक्षरं येत नव्हती. ती एकेक शब्द वाचत गेली, अर्थ न कळता, तमिळ हेल काढून, आणि अक्का, तो हेल तुझाच होता. डोळे मिटले असते तर तूच वाचतेस असं वाटलं असतं.

"मागला डावा पाय सांधलेला. आंत दुसरें लाकूड. जड माणसानें बसूं नये. जोडीची खुर्ची वसुधापाशीं. ती चोख आहे."

तिने विचारलं, "काय लिहिलंय?"

मी म्हटलं, "मागचा डावा पाय सांधलेला आहे."

"एवढं सगळं त्यातच? तुमचं नावसुद्धा?"

"एवढंच."

बाकीचं मी तिला दिलं नाही. गुरुवार तुझे, नियम तुझा, सगळं वाटून मोकळी झालीस. हे मात्र माझं राहू दे.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, तसं झालं माझं. इतकी वर्षं मी ज्या खुर्चीवर जळत होते ती लंगडी होती, आणि चोख माझ्या घरात, यांच्या बुडाखाली. तू दोन्ही उलट्या केल्यास, खोटी कोणती ते बघितलंस आणि तिच्यावर हात ठेवलास. का, ते मला आता दिसतं. माझी ती पहिली मोठी खरेदी होती, मला सांध्यातलं काही कळत नव्हतं, आणि माझ्या घरी हे. सांगितलं असतंस तर मी फणकाऱ्याने नको म्हटलं असतं, हेही तुला ठाऊक होतं. म्हणून सारख्याच म्हणालीस. आणि त्या लंगड्या खुर्चीला तू माझ्या चिठ्ठीपायी दुपटीहून जास्त मोजलेस.

चिठ्ठीबद्दल त्या कागदावर काही नाही. मी कडा उचकटून मागूनही बघितलं. म्हणजे तुला ते कळलंच नव्हतं, किंवा कळलं होतं आणि पुढच्या सुताराला सांगण्याजोगं वाटलं नाही. दुसरं खरं असेल तर मी तुझ्यावर जास्त चिडेन. लाकूड तुला जास्त कळायचं, ते मी सोसलं. पण मोठेपणातही तूच पुढे, आणि तेही गुपचूप, म्हणजे मी बरोबरी कुठे आणि कशी करायची?

रविवारी तिसऱ्या रांगेत बसले. तुझी जागा रिकामी ठेवली होती, तिच्यावर माझी पिशवी. इथल्याच, चेन्नईजवळच्या कोवलममधल्या एका रिसॉर्टसाठी माल उचलणारा एक माणूस होता, तो बोली चढवत राहिला. मी हात वर केला, खाली घेतलाच नाही. सगळ्या हॉलला दिसेल असा. कारकुनाने वहीतून मान वर करून विचारलं, "नाव, अम्मा?" मी माझं नाव सांगितलं, यांचं नाही. दुपटीहून महाग पडली. फार बरं वाटलं.

आता जोडी माझ्या घरी आहे. भांडण मी जिंकलं, असं म्हणायला हरकत नाही. समोर कोणी नाही म्हणून जिंकलं. यांना ताकीद दिली आहे, तुझ्या खुर्चीला हात लावायचा नाही, चालते व्हा सोफ्यावर. मीनाक्षीला पोंगलला ये म्हटलंय. मला तिचा अजून रागच येतो. पण ती किडकिडीत आहे, तुझ्या खुर्चीवर बसवता येईल. आणि गुरुवारी तू काय काय बोलायचीस, ते एकेक करून काढून घेईन म्हणते.

आज दुपारी मी माझी खुर्ची उलटी केली. पोट कोरं होतं तिचं, मी कधी काही लावलंच नव्हतं. एक कागद घेतला, देवनागरीतच लिहिलं, पुढच्या सुताराला वाचता येवो न येवो. "ही खुर्ची चोख आहे. अक्काने स्वतः खोटी घेऊन ही मला दिली. मी तिच्याविरुद्ध चिठ्ठी टाकली होती. वसुधा." बसमध्ये जुळवलेलं वाक्य याहून बरंच लांब होतं.

डिंक वाळेपर्यंत ती उलटीच ठेवावी लागेल. तुझ्या खुर्चीवर माझ्यासारख्या जड बाईने बसू नये, असं तूच लिहून ठेवलं आहेस. म्हणून दोन्हींच्या मध्ये फरशीवर बसले आहे.